एक आठवडा, समुद्र आणि रेडवूड: गाडी उत्तरेला न्यायची का बिग सरला?

बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास राहणाऱ्या आपल्यापैकी बऱ्याच जणांकडे मे-जूनमध्ये आई-बाबा येतात, आणि मग दरवर्षी तोच प्रश्न, की एक आठवडा सुट्टी मिळालीय, समुद्र पण बघायचाय, ती उंच झाडं पण बघायचीत, तर गाडी वर न्यायची का खाली. वर म्हणजे मेंडोसिनो, युरेका, क्रेसेंट सिटी, पार ऑरेगॉनच्या सीमेपर्यंत. खाली म्हणजे सांता क्रूझ, मॉन्टेरे, बिग सर, सॅन सिमियन. मी खालची तीनदा केलीय, वरची दोनदा, आणि त्यातल्या एका वेळी दोन्ही एकाच आठवड्यात बसवायचा प्रयत्न केला होता, तो मात्र कुणी करू नका. रोज ५-६ तास गाडीत, संध्याकाळी मोटेलवर पोचेपर्यंत अंधार, आणि घरी आल्यावर आईला विचारलं काय आवडलं तर तिला गावांची नावंच आठवेनात. आठवडा एकाच दिशेला द्या, बाकी सगळं त्यानंतर ठरवा.

आधी झाडांचं बोलू, कारण बहुतेकांचा घोळ इथेच होतो. सेक्वोया वेगळं आणि हे किनाऱ्यावरचं रेडवूड वेगळं. तो जाडजूड बुंध्याचा जनरल शेरमन नावाचा सेक्वोया वगैरे सगळे सिएरा नेवाडाच्या डोंगरात आहेत, समुद्रापासून लांब. किनाऱ्यावरचं रेडवूड त्यापेक्षा सडपातळ पण उंचीला जगात पहिलं. यातलं सगळ्यात उंच झाड हायपेरियन, २००६ मध्ये सापडलं, ३८० फूट. आपला राजाबाई टॉवर २८० फूट आहे, म्हणजे त्याच्यावर अजून १०० फूट. (ते झाड शोधायला मात्र जाऊ नका, लोकांनी पायवाट पाडून आजूबाजूचं जंगल तुडवलं म्हणून २०२२ पासून तो भाग बंद आहे, ५००० डॉलरपर्यंत दंड आणि जेलसुद्धा होऊ शकते. आणि खालून बघताना ३८० फूट आणि ३४० फूट यात काही फरक कळत नाही.)

आता हे रेडवूड ऑरेगॉनच्या कोपऱ्यापासून बिग सरपर्यंत एका चिंचोळ्या पट्ट्यातच वाढतं. बिग सर हे त्या पट्ट्याचं जवळजवळ दक्षिणेचं टोक, त्यामुळे तिथे रेडवूड आहे पण ओढ्याकाठी, घळींमध्ये, थोडं थोडं. फायफर बिग सर स्टेट पार्कमध्ये चांगली झाडं आहेत, सांता क्रूझजवळच्या हेन्री कावेलमध्ये तर पुराण्या झाडांची सपाट गोल वाट आहे, अर्ध्या-पाऊण तासात होते, ज्येष्ठांना अगदी सोपी. पण उत्तरेला तुम्ही जंगलाच्या आत असता. अॅव्हेन्यू ऑफ द जायंट्स हा ३१ मैलांचा जुना रस्ता हायवे १०१ ला समांतर जातो आणि दोन्ही बाजूंनी झाडं इतकी चिकटून की भरदुपारी हेडलाइट लावावे लागतात. त्याच्या वर प्रेअरी क्रीक, मग डेल नॉर्ट कोस्ट, मग जेडेडाया स्मिथ. ही तीन स्टेट पार्क आणि १९६८ साली झालेलं नॅशनल पार्क १९९४ पासून एकत्र चालवतात. पूर्वी होतं त्यातलं जेमतेम ५ टक्के जुनं जंगल आज उरलंय, आणि या उरलेल्यातला मोठा हिस्सा या पार्कांमध्येच आहे.

जेडेडाया स्मिथमधलं स्टाउट ग्रोव्ह (ग्रोव्ह म्हणजे झाडांची राई), तेवढ्यासाठीच मी परत वर जाईन. आम्ही सकाळी ८ ला पोचलो, पाऊस नव्हता, पण टप टप आवाज चाललेला. बाबा म्हणाले पाऊस आला का, कानटोपी काढली. पाऊस नव्हता, धुकं होतं. उन्हाळ्यात इकडे पाऊस पडत नाही, समुद्रावरून धुकं आत येतं, या झाडांच्या वरच्या पानांवर त्याचं पाणी होतं आणि ते खाली मुळांशी ठिबकतं, कोरडे महिने झाड यावर काढतं. म्हणूनच ही झाडं समुद्र सोडून लांब जात नाहीत, धुकं पोचतं तिथपर्यंतच यांचं राज्य. आईनं एका बुंध्यावर हात ठेवला आणि लगेच म्हणाली, अगं हा तर काथ्या आहे. खरंच, साल दाबली की आत जाते, तांबूस, धागेदार, सोललेल्या नारळाच्या सोडणासारखी, आणि काही ठिकाणी फूटभर जाड. ती साल लवकर पेटत नाही म्हणून झाड वणव्यातून वाचतं. आई मग बराच वेळ तिथेच उभी राहिली, चप्पल काढून. आमच्या गावाला देवराई आहे, तिथे फांदी तोडत नाहीत, चप्पल घालून जात नाहीत, तिला तेच आठवलं असणार. यातली सगळ्यात म्हातारी झाडं २००० वर्षांच्या वर आहेत, नाणेघाटात सातवाहनांचा लेख कोरला तो काळ साधारण हाच.

दक्षिणेला असा अनुभव नाही असं मी म्हणणार नाही, पण तो वेगळा आहे. बिग बेसिन बघा. १९०२ सालचं, कॅलिफोर्नियाचं पहिलं स्टेट पार्क, २०२० च्या ऑगस्टमध्ये विजा पडून वणवा लागला आणि ९७ टक्के पार्क होरपळलं. २०२२ मध्ये थोडा भाग परत उघडला. तिथे आता काळे ठिक्कर बुंधे उभे आहेत आणि त्या काळ्या बुंध्यातूनच खालपासून वरपर्यंत हिरवी पालवी फुटलेली, बाटली धुवायच्या ब्रशसारखी झाडं दिसतात. मुलांना हे जरूर दाखवा, पुस्तकात वाचून कळत नाही. सावली मात्र कमी आहे, टोपी-पाणी न्या आणि पार्किंग आधी बुक करा.

समुद्राच्या बाबतीत मात्र खालची बाजू सरळ जिंकते. कारमेलपासून सॅन सिमियनपर्यंतचे ९० मैल, डोंगर थेट पाण्यात उतरलेला आणि रस्ता त्याच्या कुशीत कोरलेला, १९३२ चा बिक्सबी पूल, मॅकवे फॉल्सचा ८० फुटांचा धबधबा वाळूवर पडतो, पॉइंट लोबोसला कड्यावरून चालता चालता खाली सील दिसतात. सॅन सिमियनजवळ पिएड्रास ब्लांकासला तर एलिफंट सील रस्त्याच्या कडेलाच, लाकडी फळ्यांच्या वाटेवरून बघायचे, पायऱ्या नाहीत काही नाही, फुकट. मॉन्टेरेचं अॅक्वेरियम लहान मुलं असतील तर अख्खा दिवस खातं. मॉस लँडिंगला समुद्री पाणमांजरं पाठीवर पडून शिंपले फोडत असतात, आमचे बाबा तिथून हलायला तयार नव्हते.

वरचा समुद्र रांगडा आहे. मेंडोसिनो गावातले कडे सुंदर, फोर्ट ब्रॅगचा ग्लास बीच ठीक आहे, काचा आता फार राहिल्या नाहीत आणि उचलायच्याही नाहीत. पण लेगेट गावाच्या आधी हायवे वन, म्हणजे किनाऱ्याचा रस्ता, समुद्र सोडून आत वळतो आणि १०१ ला मिळून संपतो, कारण पुढे लॉस्ट कोस्टला डोंगर इतके उभे आहेत की किनाऱ्याने हायवे काढलाच नाही. समुद्र परत नीट भेटतो तो ट्रिनिडाडला. तिथला छोटा बंदराचा भाग, प्रेअरी क्रीकचा गोल्ड ब्लफ्स बीच जिथे एल्क म्हणजे सांबराहून थोराड हरणं वाळूत फिरतात, आणि क्रेसेंट सिटीचं १८५६ चं दीपगृह, ज्याच्याकडे ओहोटीलाच चालत जाता येतं, ही माझ्या आवडीची ठिकाणं. १९६४ मध्ये अलास्काच्या भूकंपानंतर याच क्रेसेंट सिटीवर त्सुनामी आली होती, गावात त्याच्या खुणा लावल्यात. पाण्यात उतरायचं मनात आणू नका, दोन्हीकडे पाणी बर्फासारखं आहे, आणि उत्तरेला शांत दिसणाऱ्या समुद्रातून अचानक एखादी लाट खूप वर येते. समुद्राकडे पाठ करून फोटो काढायचे नाहीत, हे मुलांना गाडीतून उतरायच्या आधी सांगा.

रस्ता. ज्यांना गाडी लागते त्यांनी हा भाग नीट वाचा. फोर्ट ब्रॅग ते लेगेट हा साधारण ४५ मैलांचा तुकडा आहे आणि त्यातला दुसरा अर्धा भाग म्हणजे आपला वरंधा घाट पुन्हा पुन्हा केल्यासारखा. आईला तिथे तीनदा गाडी थांबवून उतरावं लागलं, आलेपाक, लिंबू सगळं झालं, काही उपयोग नाही. नंतर कळलं की मेंडोसिनोच्या किनाऱ्याला जाणारे १२८ आणि २० हे रस्तेसुद्धा वळणाचेच आहेत. म्हणून घरात कुणाला त्रास असेल तर मेंडोसिनो सरळ सोडा आणि १०१ ने थेट युरेकाला जा, सॅन फ्रान्सिस्कोहून २७० मैल, थांबत थांबत ६-७ तास धरा. बिग सरचा रस्ताही वळणाचा आहे पण दर दोन मैलांवर थांबायला जागा आहे, त्यामुळे त्रास कमी होतो.

पण बिग सरला वेगळी भीती आहे, दरडींची. १९३७ साली रस्ता उघडल्यापासून तो सारखा कोसळतोय. २०१७ च्या मे महिन्यात मड क्रीकला अख्खा डोंगर समुद्रात गेला, रस्ता वर्षभरापेक्षा जास्त बंद होता. २०२१ मध्ये रॅट क्रीकला रस्त्याचा तुकडाच वाहून गेला. २०२३ आणि २०२४ मध्ये परत. मधला भाग बंद असला की मॉन्टेरेहून सॅन सिमियनला आतून १०१ ने वळसा घालून जायचं, अडीच-तीन तास. म्हणून खालची ट्रिप ठरवताना हॉटेलं अशी घ्या की रस्ता मधेच बंद झाला तरी दोन्ही टोकं वेगवेगळी बघता येतील, आणि निघायच्या आदल्या दिवशी कॅलट्रान्सचा, म्हणजे कॅलिफोर्नियाच्या रस्ते खात्याचा नकाशा बघाच. उत्तरेलाही क्रेसेंट सिटीच्या दक्षिणेला लास्ट चान्स ग्रेड नावाचा भाग सतत खचतो, तिथे काम चालू असलं की सिग्नलला थांबवतात, पण रस्ता सहसा चालू असतो.

खाण्यापिण्याचं थोडक्यात. खाली काळजी नाही, सांता क्रूझ-मॉन्टेरेला सगळं मिळतं. वर शाकाहारी माणसाला युरेका-आर्केटा सोडलं तर पिझ्झा, सँडविच, बटाटे यावरच भागवावं लागतं, त्यामुळे किचन असलेलं घर किंवा मोटेल घ्या आणि बे एरियातूनच तांदूळ, मुगाची डाळ, भाजणी, मेतकूट भरून न्या. गाडीतून उतरताना खाणं उघड्यावर ठेवू नका, अस्वलं आहेत. फोनला रेंज दोन्हीकडे जाते, नकाशे आधी उतरवून ठेवा, पेट्रोल अर्ध्यावर आलं की भरा. राहायला वर बरंच स्वस्त पडतं. बिग सरमध्ये राहण्याचे दर मला तरी झेपणारे नाहीत, मॉन्टेरेच्या बाजूला मरीना किंवा सीसाइडला राहून दिवसा जाऊन यायचं.

हवामानात लोक हमखास चुकतात. जून-जुलैत कॅलिफोर्निया म्हणून हाफ पँट घेऊन येतात आणि युरेकाला दुपारी १६-१७ डिग्री, वर धुकं. झाडं बघायला ते धुकंच छान, पण बिग सरला त्याच धुक्यात समुद्र दिसतच नाही, पूल दिसत नाही, काही नाही. म्हणून जूनमध्ये सुट्टी असेल तर वर, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये असेल तर खाली, हा माझा साधा हिशोब.

दिवस कसे लावायचे म्हणाल तर वर जाताना पहिल्या दिवशी अॅव्हेन्यू करत आर्केटा किंवा ट्रिनिडाडला ३ रात्री, तिथून लेडी बर्ड जॉन्सन ग्रोव्ह, प्रेअरी क्रीकची पार्कवे आणि फर्न कॅन्यन. फर्न कॅन्यनमध्ये दोन्ही बाजूंना ५० फूट उंच भिंती नेच्यांनी मढलेल्या आणि मधून ओढा, बूट भिजणारच. १५ मे ते १५ सप्टेंबर तिथे परमिट लागतं, ते आधी काढा आणि मग हॉटेलच्या तारखा धरा, उलटं केलं की फजिती होते. मग क्रेसेंट सिटीला २ रात्री, हाउलँड हिल रोडने स्टाउट ग्रोव्ह. हा रस्ता मातीचा आहे, साधी गाडी जाते, पण भाड्याची असेल तर कच्च्या रस्त्यावर चालते का ते करारात बघा. येताना फोर्ट ब्रॅगला किंवा युकायाला १ रात्र. खाली मात्र मुक्काम कमी बदलावे लागतात, सांता क्रूझ २, मॉन्टेरे ३, केंब्रिया १, आणि १०१ ने घरी.

मला विचाराल तर धडधाकट माणसं असतील आणि एकदाच जायचं असेल तर वरच जा. समुद्र आपण कोकणात पाहिलेला असतो, असं जंगल दुसरीकडे कुठेच नाही. यंदा मात्र सासू-सासरे येतायत, सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय आणि त्यांना गाडी भयंकर लागते, म्हणून आम्ही सप्टेंबरमध्ये मॉन्टेरेला ४ रात्री बुक केल्यात. एक सकाळ हेन्री कावेलच्या सपाट वाटेसाठी राखून ठेवलीय, त्यांनाही त्या सालीवर एकदा हात ठेवून बघू दे.