चोर्ला घाटातले दोन उन्हाळे: साधं पेट्रोल, ९५ ऑक्टेन आणि ई-२० वीस महिने वापरून आलेला अनुभव

गाडी २०१९ ची. एक लिटर, तीन सिलेंडर, टर्बो पेट्रोल, डायरेक्ट इंजेक्शन, केए २२ पासिंग. फेब्रुवारी २०२४ मध्ये बेळगावातच सेकंडहँड घेतली तेव्हा मीटरवर ३८ हजार होते, आज ६१ हजार आहेत. या तेवीस हजार किलोमीटरमधली प्रत्येक टाकी मी वहीत लिहून ठेवली आहे: कुठला पंप, कुठलं पेट्रोल, किती लिटर, कुठला रस्ता. टाकी नेहमी फुल्ल करूनच हिशेब धरला, मीटरवर दिसणाऱ्या मायलेजवर विश्वास ठेवला नाही.

सुरुवात झाली ती एका आवाजापासून. आमच्या ताईला साखळीला दिली आहे, त्यामुळे महिन्यातून एक-दोनदा चोर्ला घाट ठरलेला. गोव्यात पेट्रोल आपल्यापेक्षा स्वस्त, म्हणून परत येताना टाकी तिकडेच भरायची ही घरची जुनी सवय. एप्रिल २०२४, दुपारची वेळ, गाडीत चौघं, डिकीत आंब्याच्या पेट्या, एसी चालू. केरी आलं, अंजुण्याचं धरण मागे पडलं आणि खरा चढ लागला तसा बॉनेटमधून बारीक आवाज यायला लागला. पत्र्याच्या डब्यात चार खिळे घालून हलवावेत तसा. पाय उचलला की बंद, दाबला की परत सुरू. वर कणकुंबीची गार हवा लागली तेव्हा थांबला.

दुसऱ्या दिवशी गाडी उद्यमबागला आमच्या नेहमीच्या मिस्त्रींकडे नेली. त्यांनी बॉनेट उघडायच्या आधी एकच प्रश्न विचारला.

"चढाला गिअर कितवा असतोय तुमचा?"

"तिसरा."

"आणि काटा?"

"दीड हजाराच्या आसपास."

"मग इंजिन ओरडणारच की. दुसऱ्यात घ्या, काटा अडीच हजारावर ठेवा, आणि मग पेट्रोलचं बोलू."

हे सगळ्यात आधी लिहिलं, कारण माझ्या नॉकिंगचा, म्हणजे या खिळ्यांच्या आवाजाचा, निम्मा भाग पेट्रोलचा नव्हताच. टर्बो गाडी खालच्या आरपीएमलाच ओढते म्हणून आपण गिअर बदलायचा कंटाळा करतो. पण कमी फेरे आणि जास्त भार ही नॉकिंगची सगळ्यात आवडती जागा. मिस्त्रींनी ४५ हजाराला स्पार्क प्लगही बदलून दिले. गिअरची सवय बदलल्यावर आवाज बराच कमी झाला, पण भर उन्हात, भरल्या गाडीत अधूनमधून येतच राहिला. तिथून ऑक्टेनचा शोध सुरू झाला.

ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे, हे मला स्वतःला वयाच्या चाळिशीत नीट कळलं. सिलेंडरमध्ये प्लगची ठिणगी पडते आणि ज्वाळा एका कडेपासून पसरत जाते. ती शेवटच्या कोपऱ्यापर्यंत पोचण्याआधीच तिथलं मिश्रण दाबानं आणि उष्णतेनं आपोआप पेटलं तर दाबाचा झटका बसतो, आणि तो झटका म्हणजे ती खिळ्यांची खुळखुळ. असं आपोआप पेटायला पेट्रोल किती विरोध करतं, त्याचं माप म्हणजे ऑक्टेन. आयसो-ऑक्टेन हे १०० धरलेलं, एन-हेप्टेन हे शून्य. ९१ चं पेट्रोल म्हणजे ९१ भाग आयसो-ऑक्टेन आणि ९ भाग हेप्टेनच्या मिश्रणाइतकं सोसणारं. आपल्याकडे लिहितात तो आकडा रॉन पद्धतीचा असतो. माझा मावसभाऊ अमेरिकेतून सांगायचा, "आम्ही इथे ८७ घालतो, तुमचं तर ९१ आहे." तिकडच्या पंपावर रॉन आणि मॉन या दोन मापांची सरासरी लिहितात, म्हणून त्यांचं ८७ साधारण आपल्या ९१ इतकंच भरतं.

नव्या गाड्यांत नॉक झाला की इंजिनच्या ब्लॉकवरचा सेन्सर तो ओळखतो आणि ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, ठिणगी थोडी उशिरा पाडतो. इंजिन वाचतं, पण ओढ कमी होते. चांगल्या ऑक्टेननं ताकद "वाढत" नाही, तर कापली गेलेली ताकद परत मिळते, तीही कंपनीनं ईसीयूत जेवढी मुभा ठेवली असेल तेवढीच. माझ्या टाकीच्या झाकणाच्या आत "९५, किमान ९१" असं छापलेलं आहे. गाडी घेऊन दोन महिने झाले तरी मी ते वाचलं नव्हतं. तुमच्या झाकणावर नुसतं ९१ असेल तर पुढचा निम्मा लेख तुमच्यासाठी नाही.

मे २०२४ पासून चार टाक्या साधं, चार टाक्या ९५ असं आलटून पालटून सुरू केलं. एक स्वस्तातला, गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचा ओबीडी डोंगल घेतला, त्यात मोबाईलवर ठिणगीचं टायमिंग अंशांत दिसतं. आकडा जितका मोठा तितकी ठिणगी लवकर, म्हणजे ताकद कमी कापलेली. घाटात गाडी दुसऱ्या गिअरला, बायको शेजारी बसून आकडे लिहायची. साध्या पेट्रोलवर चढाला टायमिंग ४ ते ५ अंशांवर यायचं, त्याच वळणांवर ९५ घातलं की ९ ते १०. खुळखुळ ९५ वर एकदाही आली नाही. पायाखाली फरक कळायचा: चोर्ल्याच्या त्या लागोपाठच्या वळणांत साध्यावर गाडी क्षणभर विचार करायची, ९५ वर लगेच उचलायची. तवंदी घाटात आणि वंटमुरीच्या चढाला मात्र मला काहीच जाणवलं नाही. हायवेचे चढ, गाडी आधीच वेगात, इंजिन मोकळं फिरतंय.

बेळगाव शहरात तर अजिबात नाही. टिळकवाडी ते कॅम्प, कपिलेश्वर पुलावरून शहापूर, या फिरण्यात इंजिनवर भारच येत नाही. लिटरमागे साधं १२.८ किलोमीटर, ९५ वर १२.९. कोल्हापूरला जाऊन येऊन हायवेला साधं १७.४, ९५ वर १७.९. म्हणजे जेमतेम तीन टक्के. ९५ ला आमच्या पंपावर लिटरमागे साधारण सात रुपये जास्त पडायचे, म्हणजे सात टक्के. मायलेजमधून ते पैसे वसूल होतात असं कोणी सांगत असेल तर माझी वही तसं सांगत नाही. मी ९५ घालत होतो ते घाटात इंजिनला त्रास होऊ नये म्हणून, बचतीसाठी नव्हे.

मध्ये पुण्याला गेलो होतो तेव्हा १०० ऑक्टेनची एक टाकीही घालून बघितली. इंडियन ऑइलचं एक्सपी १०० डिसेंबर २०२० मध्ये पहिल्यांदा दहा शहरांत आलं, त्यात पुणे होतं. भाव दीडशेच्या वर. टायमिंग ९५ वर होतं तेवढंच, कारण माझ्या ईसीयूला त्याच्यावर जायचंच नाही. परत घातलं नाही. बाटलीतून मिळणाऱ्या ऑक्टेन बूस्टरला हातही लावला नाही. त्यातल्या काहींत मँगनीज किंवा लोहाची संयुगं असतात आणि त्यांचा थर प्लगवर बसतो.

पंपावरची एक गोष्ट मात्र प्रत्येकानं बघायला हवी. "प्रीमियम" हा शब्द आणि ऑक्टेनचा आकडा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अनेक वर्षं महागडं पेट्रोल म्हणजे तेच ९१, फक्त इंजेक्टर साफ ठेवणारी रसायनं जास्त. ती वाईट नाहीत, पण नॉकिंगवरचा इलाज ती नव्हे. पंपावर "सादं घालू की पावर?" असं विचारलं तर आधी मशीनवरचा आकडा वाचा.

आता खरी गोष्ट. दुसरा उन्हाळा.

२०२५ उजाडता उजाडता आमच्या भागात पंपापंपावर ई-२० च्या, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलच्या, पाट्या लागल्या. हे पेट्रोल ६ फेब्रुवारी २०२३ ला बेंगळुरूत सुरू झालं होतं आणि २०३० चं उद्दिष्ट सरकारनं २०२५ वर आणलं होतं. आपल्याला हे परकं नाही. निपाणी, संकेश्वर, चिक्कोडीच्या रस्त्यावर गळिताच्या हंगामात ट्रॅक्टरच्या मागे ज्याला ताटकळावं लागलं त्याला माहीत आहे, तो ऊस आता साखरेबरोबर इथेनॉलही होतो. पेट्रोलियम मंत्रालयानं ऑगस्ट २०२५ मध्ये आकडे दिले: इथेनॉलचा ऑक्टेन सुमारे १०८.५, पेट्रोलपेक्षा बराच जास्त. प्रदूषणाच्या बीएस-२ निकषांच्या काळात ८८ असलेलं रॉन बीएस-६ ला ९१ झालं आणि २० टक्के मिश्रणानंतर ९५ वर गेलं. शिवाय इथेनॉल वाफ होताना जास्त उष्णता शोषतं, त्यामुळे आत जाणारं मिश्रण गार पडतं. डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनला याचा विशेष फायदा.

हे मी वाचलं नंतर. कानांनी कळलं एप्रिल २०२५ मध्ये. तोच घाट, तेच चौघं, तेवढंच ऊन, साखळीतूनच भरलेलं साधं पेट्रोल. आवाज नाही. गिअरची सवय सुधारली म्हणून असेल असं वाटलं, म्हणून एका चढाला मुद्दाम तिसऱ्यात, दीड हजारावर रेटून बघितलं. एकदाच, आणि पुन्हा करणार नाही. तरीही आवाज नाही. डोंगलवर साध्या पेट्रोलचं टायमिंग ८ ते ९ अंश. पुढच्या खेपेला ९५ घालून बघितलं तर ९ ते १०. आदल्या वर्षीची दरी संपली होती. आमच्या पंपावर आता दोन्ही नोझलवर ई-२० च लिहिलेलं आहे, त्यामुळे सात रुपये कशाचे द्यायचे याचं उत्तर मला सापडलं नाही. ९५ बंद केलं.

फुकट मात्र काही मिळालं नाही. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी. कोल्हापूर हायवेला माझं साध्यावरचं १७.४ आता १६.६ झालं आहे. जवळपास साडेचार टक्क्यांची घट. २०२१ च्या नीती आयोगाच्या आराखड्यात जुन्या, ई-१० साठी जुळवलेल्या चारचाकींना ६ ते ७ टक्के घट धरली होती, ई-२० साठी जुळवलेल्यांना १ ते २. मी मध्ये कुठेतरी पडलो. माझं दुखणं वेगळं आहे: माझ्या गाडीच्या पुस्तिकेत ई-१० पर्यंतच लिहिलं आहे, आणि माझ्याकडे दुसरं पेट्रोल निवडायला पंपावर दुसरी नोझल नाही. ऊस आमचा, गाडी आमची, पैसे आमचे, मग निवडही थोडी आमच्याकडे असायला हवी होती, असं मनापासून वाटतं. तोवर प्रत्येक सर्व्हिसला मिस्त्री पेट्रोलच्या नळ्या आणि इंजेक्टरची सीलं हाताने तपासून देतात. ६० हजाराला तपासली तेव्हा सगळं ठीक होतं. गाडी तीन-चार आठवडे उभी राहणार असेल तर टाकी भरलेली ठेवतो, कारण इथेनॉल ओल धरतं.

आप्पांचं सांगायचं राहिलं. त्यांची गाडी २०१३ ची, १.२ लिटर, टर्बो नाही, झाकणावर ९१. ते कायम महाग पेट्रोलच घालायचे. बैलाला पेंड घालावी त्या मायेनं, गाडीला चांगलं मिळावं म्हणून, पेन्शनमधून. मी चिडून सांगितलं तेव्हा ऐकलं नाही, म्हणून शांतपणे पाच टाक्यांचा हिशेब काढून दाखवला: शहरात साधं १४.१, महाग १४.१. बेळगाव साडेसातशे मीटर उंचीवर, हवा मुळात विरळ, टर्बो नसलेल्या इंजिनात दाब आधीच कमी, तिथे नॉकिंग होणार कशाचं? टर्बो ती विरळ हवा भरून काढतो, म्हणून माझ्या गाडीला ती सूट मिळत नाही.

गेल्या महिन्यात त्यांच्या गाडीत मीच साधं पेट्रोल भरून आणलं आणि काही बोललो नाही. ते खानापूरला जाऊन आले, देवळात जाऊन आले, दोन दिवसांनी संध्याकाळी चहा घेताना म्हणाले, "गाडी तशीच चालतेय रे." मग वही मागून घेतली आणि त्या टाकीपुढे स्वतःच्या अक्षरात लिहिलं: साधं, २८ लिटर.