भंडारदऱ्याचा रिंग रोड, सातारा-कास-बामणोली की निवे-लोणावळा: शांत घाटात सायकल चालवायची तर कुठला रस्ता?

सायकल घेऊन सह्याद्रीत जायचंय, चढ हवाय पण मागून हॉर्न नकोत, असं म्हटलं की लोक पटकन ताम्हिणी नाहीतर वरंधा सांगतात. दोन्ही सुंदर आहेत, वादच नाही, पण दोन्ही देशावरून कोकणात उतरणारे रस्ते, त्यामुळे गाड्या असणारच, आणि वरंधा तर पावसाळ्यात दरडींमुळे बऱ्याचदा बंदच ठेवतात. इतकी वर्षं फिरून मी एक गोष्ट शिकले, शांत रस्ता हवा असेल तर आधी नकाशावर रस्ता कुठे संपतो ते बघायचं. पुढे काहीच नसेल तर तिकडे ट्रक कशाला जाईल? आपल्याकडे असे रस्ते बहुतेक धरणाच्या पाण्यापाशी येऊन थांबतात नाहीतर पाण्याला वळसा घालून जातात. खाली गावं होती, वाटा होत्या, त्या पाण्यात गेल्या आणि वर उरला तो हा निवांतपणा. कोयनेच्या पाण्याकाठी, बामणोलीच्या बोटींच्या धक्क्यावर उभं राहिलं की मला हे दर वेळी आठवतं.

तर तीन रस्ते आहेत, तिन्ही मी एकापेक्षा जास्त वेळा केलेत.

आधी चढाबद्दल, कारण सगळ्यात जास्त भीती त्याचीच असते. आपला हा भाग म्हणजे लाव्हाचे थर, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी एकावर एक पसरत गेलेले, म्हणून डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात, डेक्कन ट्रॅपमधला ट्रॅप हा शब्दसुद्धा पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आलाय. सायकलवर हे थेट मांड्यांना कळतं. कठीण कातळाचा थर आला की कडा, मग रस्ता वळणं घेत अंगावर येतो, तो संपला की पदर नाहीतर पठार लागतं आणि दम परत येतो. म्हणजे तासभर एकसारखा चढ असं सहसा होत नाही, दणका-विश्रांती, दणका-विश्रांती असं चालतं. गिअर पण त्या हिशोबाने हवेत, मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांच्या संचात, म्हणजे कॅसेटमध्ये, सगळ्यात मोठी चकती ३२ किंवा ३४ दातांची असेल तर हे तिन्ही रस्ते होतात, रेसिंगवाली छोटी कॅसेट असेल तर साताऱ्याजवळच्या यवतेश्वर घाटातच गुडघे बोलायला लागतील.

तिघांत मऊ म्हणाल तर भंडारदरा. शेंडी गावातून निघायचं, रतनवाडी, साम्रद, घाटघर असं करत अख्ख्या जलाशयाला फेरी मारून परत शेंडी, चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. आकडा लहान वाटतो पण रस्ता एकसारखा सपाट कुठेच नाही, सतत वर-खाली, आणि रतनवाडी ते साम्रदचा जंगलातला तुकडा चांगला घाम काढतो. काही ठिकाणी डांबर उखडलेलं असतं, म्हणून २५ मिलीमीटरचे बारीक टायर नकोत, ३२ किंवा त्याहून जाड लावा. पण या फेरीत बघायला काय काय आहे! विल्सन डॅम, म्हणजे भंडारदऱ्याचं धरण, १९२६ ला पूर्ण झालेलं, दगडी, मग रतनगडाचं नेढं, म्हणजे कातळातलं आरपार भोक, लांबूनच दिसायला लागतं, रतनवाडीत अमृतेश्वराचं देऊळ, आणि घाटघरला कोकणकड्यावर जाऊन उभं राहिलं की समोर अलंग-मदन-कुलंग हे किल्ले. कळसूबाई आहेच डोक्यावर, १६४६ मीटर. मी रतनवाडीला देवळापाशी सायकल टेकवून अर्धा तास नुसती बसते, दर वेळी, आणि बरोबरच्यांनापण बसवते. जेवणाची काळजी नाही, रतनवाडी-साम्रदला घरगुती जेवण मिळतं, फक्त जाताना सांगून ठेवलं तर बरं, भाकरी गरम मिळते.

अडचण एकच, तारखा. मे अखेर ते जून मध्यापर्यंत काजव्यांसाठी जी गर्दी होते त्यात संध्याकाळनंतर या रस्त्यावर सायकल काढूच नये, अरुंद रस्ता आणि समोरून गाड्यांची रांग. जुलै-ऑगस्टच्या शनिवार-रविवारी पण तेच. बाकी वर्षभर, आणि त्यातही मधल्या वारी, तुम्ही आणि गुरं. मुंबईवाल्यांना हा रस्ता सोयीचा, रेल्वेने इगतपुरी आणि तिथून घोटी-बारी करत शेंडी. मात्र घोटीच्या आसपास हायवे लागतो, तेवढा भाग गाडीत सायकल टाकून केला तरी कुणी नावं ठेवणार नाही.

सातारा-कास-बामणोली हा माझा जीव की प्राण असलेला रस्ता, त्यामुळे थोडं जास्त लिहिते. साताऱ्यातून निघालं की यवतेश्वरचा घाट लगेचच अंगावर येतो, वॉर्मअप वगैरे काही नाही, म्हणून मी आधी गावातच पंधरा-वीस मिनिटं सायकल फिरवून घेते. घाटात कापलेल्या दरडीकडे बघा, काळ्या कातळाच्या दोन थरांमध्ये विटकरी लाल मातीचा पट्टा दिसेल, लाव्हाच्या दोन लोंढ्यांमध्ये जो काळ गेला त्यात तयार झालेली ती माती. धाप लागलेली असताना थांबायला याहून चांगलं कारण नाही. एकदा वर आलात की रस्ता डोंगराच्या धारेवरून जातो, एका बाजूला कण्हेर धरणाचं पाणी, दुसरीकडे उरमोडीचं, आणि वारा. वाऱ्याचं लक्षात ठेवा, समोरून असेल तर सपाटीवरही चढ चढल्यासारखं वाटतं.

कास पठार साधारण १२०० मीटर उंचीवर, साताऱ्यापासून २५ किलोमीटर, इथे काळा कातळ संपून वर जांभा लागतो आणि त्या जांभ्याच्या पातळ मातीतच ती फुलं येतात. २०१२ मध्ये पश्चिम घाटाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला त्यात कास आहे. आता खरं सांगायचं तर फुलांच्या दिवसांत, म्हणजे ऑगस्ट अखेर ते ऑक्टोबर सुरुवात, शनिवार-रविवारी या रस्त्याला शांत म्हणणं म्हणजे तुमची फसवणूक होईल. मी एका सप्टेंबरच्या रविवारी गेले होते, धुकं, गाड्यांचे लाल दिवे, धूर, अर्ध्यातून परत फिरले आणि घाट उतरताना अक्षरशः रडायला आलं होतं. त्याच आठवड्यात बुधवारी पहाटे साडेपाचला परत निघाले तर पठारावर मी एकटी.

पण बहुतेक जण कासला जाऊन परत फिरतात आणि खरी शांतता त्याच्या पुढे आहे. कास तलाव मागे टाकला की बामणोलीपर्यंत उतार, पाचशे मीटरच्या आसपास खाली, झाडीतून वळणं वळणं, आणि शेवटी शिवसागर, कोयनेचं पाणी. रस्ता संपला. तिथे मासे-भाकरी खा, वासोटा किल्ल्याला जाणाऱ्या बोटी बघा, पण हे विसरू नका की जेवढं उतरलात तेवढं सगळं परत चढायचंय, तेही दुपारी, उन्हात, पोट भरलेलं असताना. जाऊन येऊन पंचाहत्तरच्या आसपास होतं पण थकवा शंभराच्यावरचा. दोन दिवस असतील तर बामणोलीत मुक्काम करा, सकाळी चढा. आणखी दम असेल तर बामणोलीहून बोटीने तापोळा, तिथून महाबळेश्वरचा चढ, मग केळघर घाटाने मेढा आणि परत सातारा, अशी फेरीच पूर्ण होते, फक्त बोटवाल्याशी सायकलचं आणि पैशांचं आदल्या दिवशीच बोलून ठेवा.

तिसरा रस्ता निवे ते लोणावळा, पुण्याच्या लोकांना हा घराजवळचा आणि तरी बहुतेकांनी न केलेला. पुण्याहून पौड, मुळशी तलाव करत ताम्हिणीच्या रस्त्याने निव्यापर्यंत यायचं, हा भाग गाड्यांचा आहे, भल्या पहाटे उरकून टाका. निव्याहून मुख्य रस्ता सोडून पिंपरीकडे वळलात की आवाज बंद. खाली कुंडलिकेची दरी, पुढे भांबर्डे, एकोल्याचा घनगड, मग तैलबैलाच्या त्या दोन कातळभिंती, मग सालतर, आंबवणे, कोरीगडाखालचं पेठ शहापूर आणि लोणावळा. निवे ते लोणावळा पन्नासेक किलोमीटर, चढ लांब नाहीत पण छोटे आणि खडे आहेत, एका मागून एक, आणि मध्ये दुकान म्हणावं असं फार काही नाही. इथे मला एकदा लागोपाठ दोन पंक्चर झाली आणि ट्यूब एकच होती, तीन तास चालले, एका आज्जींनी ताक पाजलं आणि त्यांच्या नातवाने बाईकवरून पुढच्या गावात सोडलं. तेव्हापासून या रस्त्याला दोन ट्यूब, पॅचेस, पंप आणि दोन लिटर पाणी याशिवाय निघत नाही. मोबाईलला रेंज बऱ्याच ठिकाणी नसते, तेव्हा एकटे जाणार असाल तर घरी रूट सांगून जा. लोणावळ्याच्या बाजूचे शेवटचे काही किलोमीटर वीकेंडला वैताग आणतात, म्हणून मी तर लोणावळ्यातून पहाटे निघून भांबर्ड्यापर्यंत जाऊन दुपारच्या आत परत यायला सांगेन, पुणे-लोणावळा पूर्ण करायचा हट्ट नसेल तर.

मग निवडायचं कसं? पहिल्यांदाच घाटात चाललाय, किंवा बरोबर शाळकरी मुलं आहेत, तर डोळे झाकून भंडारदरा, दमलात तर कुठल्याही गावात थांबता येतं आणि एकदम मोठा चढ कुठेच नाही. पाय तयार आहेत आणि मधल्या वारी सुट्टी मिळतेय तर कास-बामणोली, दुसरा विचार करू नका. सुट्टी फक्त रविवारीच असेल आणि पंक्चर स्वतः काढता येत असेल तर निवे-लोणावळा, कारण रविवारीही त्याचा मधला भाग रिकामा असतो. पावसाळ्यात तिन्हीकडे वळणांवर शेवाळ धरतं, रिम ब्रेकवाल्यांनी, म्हणजे ज्यांचे ब्रेक चाकाच्या कडेला घासतात त्यांनी, तर ओल्या उतारावर फारच जपून. मला विचाराल तर नोव्हेंबर, गवत सोनेरी झालेलं असतं, हवा स्वच्छ, पाणी भरलेलं.

आणि कास-बामणोली ठरलंच तर निघायच्या आधी ब्रेक पॅड बघून घ्या, संध्याकाळी यवतेश्वर उतरताना समोर अख्खं सातारा दिव्यांनी उजळलेलं असतं आणि लक्ष रस्त्यावर राहत नाही.