ब्लूमिंग्टनचं डेव्हिस मॅन्शन: घर झकास, मालक त्याहून भारी

इलिनॉयमधल्या ब्लूमिंग्टन-नॉर्मलला आपली मराठी आयटीवाली मंडळी भरपूर, पण पाहुणे आले की सगळे गाडी काढून सरळ शिकागो गाठतात आणि गावातलंच डेव्हिड डेव्हिस मॅन्शन राहून जातं. माझं ऐकाल तर एक दुपार काढून जाच, फक्त मालक कोण होता हे थोडं वाचून जा.

घर पिवळसर विटांचं, ३६ खोल्यांचं, १८७२ला बांधून झालेलं. संगमरवरी फायरप्लेस, गॅसचे दिवे, घरात नळाचं पाणी, म्हणजे त्या काळी सगळं लेटेस्ट. बाहेर मालकाच्या बायकोची, साराची बाग आहे, तीही चुकवू नका. वॉलपेपर-पडद्यांत मी काही फार रमत नाही.

आता मालक, डेव्हिड डेव्हिस. हा कायदा शिकून १८३५ला पूर्वेकडून इलिनॉयला आला, तेव्हा हा भाग म्हणजे गवताळ रान आणि चिखल. वकिली केली, जमिनी घेतल्या, आमदार झाला आणि १८४८ला निवडून येऊन सर्किट जज झाला (हो, तिथे जजची पण निवडणूक!). सर्किट म्हणजे खरंच फिरतं कोर्ट, जज आणि वकील सगळे मिळून घोडे-बग्गीवरून गावोगाव फिरायचे, घरापासून आठवडेच्या आठवडे लांब, जेवण मिळेल ते आणि रात्री खाणावळीत एकेका पलंगावर दोन-दोन वकील. जजसाहेबांचं वजन ३०० पौंडांच्या आसपास, त्यामुळे त्यांना पलंग अख्खा मिळायचा म्हणे! याच टोळीत पुढे प्रेसिडेंट झालेला अब्राहम लिंकन. डेव्हिसला कुठे जायचं असलं की कधीकधी लिंकनच त्याच्या जागी बसून कोर्ट चालवायचा, आज कोणी असं केलं तर टीव्हीवाले महिनाभर सोडणार नाहीत.

१८६०ला रिपब्लिकन पक्षाच्या शिकागोच्या अधिवेशनात लिंकनसाठी जोडतोड करून प्रेसिडेंटपदाचं तिकीट आणणाऱ्यांचा म्होरक्या हाच, आणि १८६२ला लिंकनने त्याला सुप्रीम कोर्टात बसवलं. वशिला म्हणा हवं तर, मीही तेच म्हणतो. पण १८६६ला मिलिगन केसचा निकाल यानेच लिहिला, की जिथे साधी कोर्टं चालू आहेत तिथे सामान्य नागरिकावर लष्करी कोर्टात खटला चालवता येणार नाही, युद्ध असलं तरी. ते लष्करी खटले लिंकनच्याच सरकारने सुरू केलेले! मला तरी या एका निकालासाठी त्याचा वशिला माफ आहे.

१८७७चं मात्र पचत नाही. १८७६च्या प्रेसिडेंटच्या निवडणुकीत हेज जिंकला की टिल्डन, हा वाद मिटवायला १५ जणांचं कमिशन बसलं, त्यात निर्णायक मत याचं असणार असं सगळे धरून चाललेले, तेवढ्यात इलिनॉयच्या आमदारांनी याला सिनेटर म्हणून निवडलं आणि साहेबांनी शिताफीने अंग काढून घेतलं. त्याच्या जागी दुसरा जज आला आणि ८ विरुद्ध ७ने हेज प्रेसिडेंट. आत गाइड असतात, त्यांना हे खोदून विचारा, फर्निचरपेक्षा यातच जास्त मजा आहे.

लहान पोरं खोल्या बघून कंटाळतील, त्यांना बागेत सोडा. जिने जुन्या घराचे आहेत, गुडघे दुखणाऱ्या आई-बाबांना आधी सांगून ठेवा, आणि उघडायच्या वेळा वेबसाइटवर बघूनच निघा.