१८४६ चं पत्र आणि माझे चौदाशे डॉलर

गेल्या ऑक्टोबरात मी चौदाशे डॉलर देऊन एक बनावट पत्र विकत घेतलं. कॅलिफोर्नियात माझ्यासारखे जुनी कागदपत्रं, नकाशे जमवणारे मराठी लोक बरेच आहेत. त्यांच्यापैकी कुणी याच विक्रेत्याच्या हाती लागू नये म्हणून सगळं लिहितोय.

पत्र हेस्टिंग्ज कटऑफ या कॅलिफोर्नियाला जाणाऱ्या जुन्या जवळच्या वाटेबद्दलचं होतं. या वाटेच्या इतिहासाचा मला अनेक वर्षांचा नाद. लॅन्सफर्ड हेस्टिंग्ज या वकिलाने १८४५ साली कॅलिफोर्नियाला निघणाऱ्यांसाठी एक मार्गदर्शिका छापली. फोर्ट हॉल या ठाण्यावरून जाणारी रुळलेली वाट सोडा, ग्रेट सॉल्ट लेकच्या बाजूने जवळच्या वाटेने या, असं तिच्यात सुचवलं होतं. लिहिलं तेव्हा तो स्वतः त्या वाटेने गेलेलाच नव्हता. पुढच्या वर्षी गेला, तोही घोड्यावरून, बैलगाड्यांशिवाय. त्या वेळी सोबत असलेल्या जेम्स क्लायमनने नंतर फोर्ट लॅरामी या ठाण्यावर, कॅलिफोर्नियाला निघालेल्या एका तांड्यातल्या जेम्स रीडला बजावलं, की जुनी वाट सोडू नकोस. रीडने ऐकलं नाही. पुढच्या फोर्ट ब्रिजर ठाण्यावर दुकान चालवणाऱ्या जिम ब्रिजरने नव्या वाटेची तारीफ केली. उत्तरेकडून निघालेल्या दुसऱ्या एका जवळच्या वाटेमुळे त्याचं गिऱ्हाईक तुटत होतं, त्यामुळे ही वाट चालणं त्याच्या फायद्याचं होतं. पुढे गेलेल्या एडविन ब्रायंटने सावध करणारी पत्रं तिथे ठेवली होती. ती रीडला मिळालीच नाहीत.

३१ जुलै १८४६ ला डॉनर आणि रीड यांचा तांडा तिथून निघाला. वासॅच डोंगरात झाडं तोडत, दगड हलवत त्यांनी गाड्यांपुरता रस्ता केला. जेमतेम ३६ मैलांना दोन आठवडे लागले. पुढचं मिठाचं वाळवंट ४० मैलांचं सांगितलं होतं, निघालं जवळपास ८०. तहानेने बैल सैरावैरा पळाले, गाड्या तिथेच सोडाव्या लागल्या. सिएरा नेवाडाच्या खिंडीशी पोचेपर्यंत ऑक्टोबर संपत आला आणि बर्फाने वाट बंद झाली. ऐंशीवर माणसं अडकली, त्यातली निम्मीच्या आसपास गेली. त्यांत किती लहान मुलं होती, हे वाचताना आजही मला पुस्तक बाजूला ठेवावं लागतं.

म्हणूनच जुन्या वस्तूंच्या बाजारात एका स्टॉलवर ‘३० जुलै १८४६, फोर्ट ब्रिजर’ असं लिहिलेलं पत्र दिसलं तेव्हा माझे हात थरथरले. तांडा निघायच्या आदल्या दिवशी कुणीतरी इलिनॉयमधल्या भावाला लिहिलेलं. वाट जवळची आहे, वाळवंट फक्त ४० मैल आहे, अशा आशेने भरलेलं. विक्रेता शांत, अदबशीर. पत्र आजीच्या पेटीत सापडलं म्हणाला. अस्सलपणाचं सोनेरी शिक्क्याचं प्रमाणपत्र दाखवलं. मग म्हणाला, उद्या एका संग्रहालयाचा माणूस येणार आहे, तुम्हाला हवं असेल तर आजच सांगा. बायको म्हणाली, “एवढी घाई कसली? फोटो काढ, कुणाला तरी दाखव.” मी तिथल्या तिथे मोबाइलवरून पैसे पाठवले. दुकानाला नाही, ‘मित्राला’ पाठवतात त्या प्रकारात, कारण त्याने तसंच सांगितलं. त्या प्रकारात खरेदीदाराला कसलंच संरक्षण नसतं, हे मला नंतर कळलं.

रात्री भिंग घेऊन बसलो. तारखेखाली ‘फोर्ट ब्रिजर, वायोमिंग’ असं लिहिलं होतं. १८४६ च्या जुलैत तो मुलूख नकाशावर मेक्सिकोचा होता. वायोमिंग हा प्रदेश झाला १८६८ साली. तो शब्द मी स्टॉलवरही वाचला होता, पण पत्र खरं असावं असं मला इतकं वाटत होतं की तो डोक्यात शिरलाच नाही. दुसऱ्या दिवशी अतिनील प्रकाशाची छोटी बॅटरी आणली. अंधारात कागद निळसर पांढरा चमकला. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून घालतात ती रसायनं दुसऱ्या महायुद्धानंतरची आहेत. एकोणिसाव्या शतकातला कागद असा चमकत नाही. वीस डॉलरची बॅटरी खरेदीच्या आधी घेतली असती तर! प्रमाणपत्रावरचा पत्ता शोधला, तर तो विक्रेत्याच्याच घराचा.

फोनवर तो म्हणाला, माल बघून घेतलात. नंतर फोन उचललाच नाही. पैसे पाठवणाऱ्या अ‍ॅपने हात वर केले. पोलिसांत तक्रार नोंदवली आहे, पैसे मिळालेले नाहीत.

गेल्या आठवड्यात त्याने ऑनलाइन नवं पत्र विकायला ठेवलंय. अक्षराचं तेच वळण, तीच तपकिरी शाई, किंमत दोन हजार डॉलर. वर लिहिलंय ‘डॉनर लेक, नोव्हेंबर १८४६’. त्या हिवाळ्यात त्या तळ्याला ट्रकी लेक म्हणत. डॉनर हे नाव पडलं, ते तिथे माणसं मेल्यानंतर.