सप्तमीला सव्वाअकराची भरती आणि आमचे 60,800 रुपये

आकडा आधीच लिहून टाकला आहे. हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्यावं.

आम्ही सहा जण, कॉलेजपासूनचे. ठरलं असं की रेवदंड्याहून शिडाच्या बोटीने निघायचं, कोर्लईला वळसा घालून पद्मदुर्ग, जंजिरा समुद्रातून बघत दिघीला मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवशी हर्णै. माणशी 9,500, एकूण 57,000, निम्मे आगाऊ. बोटवाल्याचे इन्स्टाग्रामवर फोटो झकास, बोलणं त्याहून झकास. 28,500 मी पाठवले. खातं कुण्या बाईच्या नावाचं दिसलं. विचारलं तर "वहिनींचं आहे, दादा." आपल्याकडे निम्मे धंदे वहिनींच्या खात्यावर चालतात, म्हणून मी पुढे गेलो. तुम्ही जाऊ नका.

मग आमचेच घोळ सुरू झाले. ठरवलेल्या शनिवारी दत्तजयंती निघाली आणि एकाच्या घरी उत्सव असतो. तारीख आठवडाभर पुढे ढकलली : माणशी 800 प्रमाणे 4,800. मग सहाव्याच्या मुलाला ताप आला, तो गळाला : रिकाम्या जागेचा फरक म्हणून 3,500. मग "बंदर परवान्याची अनामत, परत मिळणारी" : 12,000. फसवणारा घाई करतो असं सगळे सांगतात. हा अजिबात करत नव्हता. बदल आम्ही करत होतो, माफी आम्ही मागत होतो, आणि तो "हरकत नाही दादा" म्हणत प्रत्येक बदलाचे पैसे लावत होता. एवढा त्रास आपण देतोय, वर पैशांवरून कशाला वाद घालायचा, या भिडेपायी मी देत गेलो.

आता जे मनाला लागून राहिलंय ते. तारीख बदलल्यावर त्याने नवा कार्यक्रम पाठवला. जुन्यात लिहिलं होतं, "11:15 ला पूर्ण भरती, 11:30 ला प्रस्थान." नव्यातही तेच. फक्त तारीख बदललेली.

मी दापोलीचा. आजोबांनी मला पाढ्यांबरोबर पाऊणकी शिकवली ती भरतीसाठी. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. पंधरा पाऊण सव्वाअकरा, म्हणजे पौर्णिमेला सव्वाअकरा बरोबर. आठवड्याने सप्तमी. सात पाऊण सव्वापाच. म्हणजे सव्वाअकराला खाडीत पूर्ण ओहोटी! तो कागद मी तीनदा वाचला, ग्रुपवर टाकला, वर "मस्त" असा अंगठाही दिला. ज्याला ज्या पाण्यावर बोट काढायची आहे त्या पाण्याची वेळ माहीत नाही, त्याच्याकडे बोट नाही. हे कळायला पोलीस लागत नाहीत, भिंतीवरचं कॅलेंडर लागतं. पण बावीस वर्षं पुण्यात काढल्यावर तिथी फक्त चतुर्थीच्या उपासापुरती उरते. शिवाय बाकीच्या चौघांनीही तो कागद पाहिला होता, हेही नोंदवून ठेवतो.

त्या शनिवारी साडेदहाला आम्ही पाच जण सॅक घेऊन धक्क्यावर. समोर चिखल, होड्या कुशीवर कललेल्या. जाळं विणत बसलेले एक आजोबा म्हणाले, "आता पाणी कुठाय? संध्याकाळी या." बोटवाल्याचा फोन बंद.

खरी लाज पुढे आहे. दोन दिवसांनी त्याचाच फोन आला, दुसऱ्या नंबरवरून. "इंजिन बिघडलं होतं दादा, अनामत परत करतो, कोड स्कॅन करा." केला. पिन टाकला. आणखी 12,000 गेले. पैसे घ्यायला पिन लागत नाही, हे मी माझ्या आईला दहा वेळा सांगितलंय.

सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, म्हणजे 1930 वर, फोन पहिल्या तासात करायचा असतो. आम्ही तिसऱ्या दिवशी केला, कारण आशा. तक्रार क्रमांक मिळाला. प्रत्येक व्यवहाराचा यूटीआर नंबर, म्हणजे त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक, विचारतात, तो जवळ ठेवा. पुढची वरात वेगळीच. घराजवळच्या चौकीत ऐकलं, "पैसे स्वतःहून दिलेत ना? मग फसवणूक कसली? हा तुमचा आपसातला व्यवहार." मग, "घटना रायगडातली, तिकडे जा." सुट्टी टाकून तिकडे गेलो तर, "पैसे पुण्यातून गेले, पुण्यात जा." भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 173 हद्दीचं कारण चालू देत नाही, हे मी वाचून गेलो होतो. सांगितलं. उत्तर आलं, "वकील आहात का?" नाही म्हटल्यावर खुर्ची दुसऱ्याला दिली. बँकेत, "पिन तुमचा, फोन तुमचा." नऊ दिवसांनी बँकेचा मेसेज : आपली तक्रार समाधानकारकरीत्या निकाली काढण्यात आली आहे. कुणाचं समाधान झालं ते लिहिलेलं नाही. किनाऱ्यावरच्या एका कार्यालयात मात्र कारकुनाने चहा ढवळत सांगितलं की प्रवाशाकडून परवान्याची अनामत असा प्रकारच नसतो. बोटीचा नोंदणी क्रमांक मागितला होता का, असंही विचारलं. नव्हता मागितला. तुम्ही मागा. आणि फोनवर मालक नको, तांडेल म्हणजे बोट चालवणारा मागा. त्याला भरती विचारा.

ग्रुपवर महिनाभर शांतता आहे. पेजचं नाव बदललंय, फोटो तेच. काल नवी सहल लागली : "सकाळी 11:30, भरतीच्या पाण्यावर." कॅलेंडर उघडून तारीख पाहिली. अमावास्या आहे. या वेळी भरती खरंच सव्वाअकराला आहे.