बेल्वेसचं बुधवारचं नाइट मार्केट: घरची ताटं घेऊन जा!

फ्रान्सला फिरायला येणारी आपली बरीच मंडळी पॅरिस करतात, फारतर नीस करतात आणि परत जातात, आणि मला दरवेळी वाटतं की अरे जुलै-ऑगस्टमध्ये आलाच आहात तर एक संध्याकाळ तरी खेड्यात घालवा ना. म्हणून हा रिव्ह्यू. बेल्वेस हे नैऋत्य फ्रान्समधलं, दोर्दोन्य भागातलं डोंगरावरचं जुनं गाव, फ्रान्सच्या सर्वात सुंदर गावांच्या अधिकृत यादीत आहे, आणि जुलै-ऑगस्टमध्ये दर बुधवारी संध्याकाळी गावच्या चौकात खाण्यापिण्याचा बाजार भरतो. आम्ही तुलूजला राहतो, तिथून गाडीने अडीच तासांच्या आसपास लागतात. यावेळी साताऱ्याहून आई आली होती, तिला घेऊन गेलो.

सिस्टीम एकदम साधी आहे. चौकात आणि आजूबाजूला लांबच लांब टेबलं आणि बाक मांडलेले असतात, कडेने स्टॉल, तुम्ही जागा धरायची, मग एकेकाने उठून जे आवडेल ते आणायचं आणि सगळ्यांनी मिळून खायचं. टेबल तुमच्या एकट्याचं नसतंच, शेजारी कोण येईल ते येईल. इथली लोकं घरून टेबलक्लॉथ, काचेचे ग्लास, खऱ्या प्लेट्स, सुरी-काटे, कॉर्कस्क्रू असं सगळं बास्केटमधून आणतात, काहीजण तर मेणबत्तीसुद्धा. तुम्हीही न्या, जेवणाची मजाच वेगळी येते. आणि सातच्या आधी पोचा, नंतर चौघांना एकत्र जागा मिळणं अवघड जातं.

चौकाच्या मधोमध 15 व्या शतकातली लाकडी छताची हाल आहे, म्हणजे बाजाराचा उघडा मंडप. तिच्या एका खांबाला जुनी साखळी अजून लटकतेय, पूर्वी गुन्हेगारांना भर बाजारात सगळ्यांसमोर बांधून ठेवायचे त्याची. मुलाने ती हातात धरून बघितली आणि नंतर अर्धा तास तोच विषय. चौकाच्या खाली तर जमिनीत कोरलेली घरं आहेत, मध्ययुगात गरीब कुटुंबं तिथे राहायची, ती दिवसा गाइडबरोबर बघता येतात, दुपारीच पोचलात तर नक्की बघा.

आता खाणं. हा बदकाचा प्रदेश आहे. बदकाचं माग्रे म्हणजे छातीचा तुकडा, बाहेरून खरपूस आणि आत गुलाबी, समोर निखाऱ्यावर भाजून देतात. नवऱ्याने तेच घेतलं आणि हॉटेलपेक्षा भारी आहे म्हणाला. गोगलगायी लसूण-बटरमध्ये, बघायला तरी स्टॉलवर जाच. एका प्लेटला साधारण 10 ते 15 युरो धरून चला, सुटे पैसे जवळ ठेवा. ग्लास डिपॉझिटवर मिळतो, परत केला की पैसे परत.

आई पूर्ण शाकाहारी, त्यामुळे हा भाग नीट वाचा. इथले बटाटे बऱ्याचदा बदकाच्या चरबीत तळतात, त्यामुळे फ्राइज घेण्याआधी विचाराच, लसूण घातलेले सार्लादेझ बटाटे तर चरबीतलेच असतात. चीज चालत असेल तर काबेकू घ्या, बकरीच्या दुधाची छोटी चपटी गोल वडी, बाहेर सायीसारखी आणि आत मऊ (मात्र इथल्या पारंपरिक चीजमध्ये बहुतेक प्राण्यांचं रेनेट, म्हणजे वासरा-करडांच्या पोटातून काढलेलं दूध फाडायचं विरजण, असतं, कडक पाळत असाल तर सोडा). बाकी टोमॅटो, खरबूज, ताजा ब्रेड, पेरिगोरच्या (म्हणजे याच भागाच्या, हे त्याचं जुनं नाव) स्ट्रॉबेरी, अक्रोडाचा केक यात पोट मस्त भरतं. आईने पर्समधून लसणाची चटणी काढली आणि ब्रेड, काबेकू, वर चटणी असं करून खायला लागली, शेजारच्या आजी बघत होत्या, त्यांनाही एक तुकडा करून दिला. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या, वाइनचा घोट घेतला आणि हाताने खूण करून अजून मागितला! मग त्यांनी आपलं खरबूज कापून अर्धं आमच्या ताटात सरकवलं. भाषेचं कुणाला काही अडलं नाही.

जुलैत पावणेदहापर्यंत उजेड असतो, त्यामुळे मुलं गल्ल्यांमध्ये मनसोक्त धावतात. गाणी सुरू झाली की आधी म्हातारी जोडपी उठतात, अकॉर्डियनवर वॉल्ट्झ इतका सुंदर करतात की बघत राहावं, मग एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून लांब रांग निघते, तिला शनीय म्हणतात, आणि त्या रांगेत तुम्हाला ओढणारच, जा बिनधास्त.

मला सगळ्यात जास्त आवडतं ते हे की हे पर्यटकांसाठी मांडलेलं नाटक नाही. आम्ही आहोत म्हणून काही बदलत नाही, गावची लोकं आपली संध्याकाळ घालवायला आलेली असतात आणि आपल्याला बाकावर सरकून जागा देतात. तारखा जुळल्या तर अशाच एखाद्या गावची वार्षिक जत्राही गाठा, 14 जुलै किंवा 15 ऑगस्टच्या आसपास खूप गावांत असते, पेटांकच्या (धातूचे गोळे फेकायचा खेळ) मॅचेस, सामुदायिक जेवण, रात्री फटाके. आपल्याकडे गणपतीचं मंडळ असतं तसं तिथे कोमिते दे फेत असतं, 1901 च्या कायद्याखाली रजिस्टर केलेली संस्था, सगळं काम गावकरी फुकट करतात.

जाताना गाडी चौकापर्यंत नेऊ नका, खालीच लावून चढा. स्टॉलवर काही मागण्याआधी 'बोंझूर', अंधार पडल्यावर 'बोंस्वार', याने खूप फरक पडतो. ड्रायव्हरने वाइन जपून, इथे मर्यादा रक्ताच्या लिटरला 0.5 ग्रॅम अल्कोहोल आहे आणि खेड्यातले रस्ते काळोखे आणि वळणाचे, त्यापेक्षा गावातच खोली घ्या, पण उन्हाळ्यात बुकिंग बरंच आधी करावं लागतं. जीपीएसमध्ये पेइ-द-बेल्वेस असं नाव दिसलं तर गोंधळू नका, 2019 पासून शेजारचं गाव जोडून नवी कम्यून, म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीसारखं प्रशासकीय गाव, केलीये. माझ्याकडून पाचपैकी पाच, आईकडूनही.