खांद्यात दोन अँकर, बिलात चार

फळीवरचा तांदळाचा डबा काढताना आईच्या उजव्या खांद्यात कळ आली. महिनाभर बाम आणि शेक झाले, तोवर अंबाडाही सुनेला घालून द्यावा लागायला लागला. मग एमआरआय. रिपोर्टात सुप्रास्पायनेटसला, म्हणजे हात वर उचलणाऱ्या एका स्नायूच्या कंडरेला, 14 मिमीचा 'फुल-थिकनेस' टिअर, म्हणजे फाट.

'फुल' वाचूनच आमचं धाबं दणाणलं. पण त्याचा अर्थ कंडरा पूर्ण तुटली असा नसतो. जाडीतून आरपार भोक पडलंय, एवढाच. ते केवढं, हे निराळं मोजतात: 1 सेंमीच्या आत लहान, 1 ते 3 मध्यम, 3 ते 5 मोठा, 5च्या वर 'मॅसिव्ह'. म्हणजे आईचा मध्यम. हे शहाणपण आजचं. ऑपरेशनच्या वेळी कॅशलेसच्या फॉर्मवर 'मॅसिव्ह टिअर, डबल रो, 4 टायटॅनियम अँकर' लिहिलं होतं आणि खाली मी मुकाट सही ठोकली. अँकर म्हणजे फाटलेली कंडरा हाडाला शिवायला हाडात बसवतात ते छोटे स्क्रू; डबल रो म्हणजे ते दोन ओळींत. एका अँकरचे 18,000.

ऑपरेशननंतर तीन महिन्यांनी आई मोरीत घसरली म्हणून दुसरीकडे एक्स-रे काढला. फिल्म खिडकीच्या उजेडात धरली. दंडाच्या हाडाच्या डोक्यात पांढरे स्क्रू दोन. उलटी करून पाहिली, तरी दोनच. (नशीब, टायटॅनियम होतं. पीक (PEEK) नावाच्या प्लास्टिकचे किंवा विरघळणारे अँकर एक्स-रेत सहसा दिसत नाहीत.)

ऑपरेशन झालेल्या हॉस्पिटलात विचारलं, तर बिलिंगचा मुलगा म्हणाला, "काका, एमआरआयमध्ये लहान दिसतं, आत गेल्यावर मोठं निघतं." निघतं कधीकधी, खोटं नाही. पण मग अँकर कुठे गेले? फाईल म्हणे 'रेकॉर्डला' गेलेली. म्हणून सांगतो, डिस्चार्जच्या आधीच ऑपरेशन नोट आणि अँकरच्या पाकिटांवरचे स्टिकर मागा, बिलाशी ताडून पाहा. मला लेखी अर्ज देऊन पंधरा दिवस खेटे घालावे लागले. झेरॉक्स हातात आली, त्यात सर्जनच्याच अक्षरात: मध्यम टिअर, 2 अँकर. खाली स्टिकरही दोनच.

"क्लेरिकल मिस्टेक," मॅनेजर म्हणाले. आणि वर, "पैसे तर विम्याचे गेले ना, तुमच्या खिशातून काय गेलं?"

आईच्या 3 लाखांच्या कव्हरमधून 36,000 गेले, आणि तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन अजून व्हायचंय. विमा कंपनीला दोन्ही कागद जोडून तक्रार पाठवली आहे. सर्जनच्या हाताला मात्र नाव ठेवणार नाही. अंबाडा आई आता स्वतःच घालते.